बायबलमधलं शहर: आधी वेस वाचा

प्रश्न असा आहे: पुण्यातल्या एका मराठी अभ्यासगटात चार रविवार ‘बायबलमधली शहरं’ हा विषय घ्यायचा आहे. गटात आधीच दोन तट पडलेत. एक म्हणतो, पहिलं शहर काइनाने बांधलं, पुढे बाबेल, सदोम, म्हणजे शहर हे पापाचं घर. दुसरा म्हणतो, शेवटी नवी यरुशलेम हे शहरच आहे, म्हणजे देवाला शहर हवंय. शिकवायचं नेमकं काय, कुठले उतारे घ्यायचे आणि कुठले सोडायचे?

दोन्ही तटांकडे वचनं आहेत, म्हणून हा वाद वचनं मोजून मिटणार नाही. ‘शहर चांगलं की वाईट’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी बाजूला ठेवा. त्याऐवजी प्रत्येक उताऱ्याला तेच चार प्रश्न विचारा: हे शहर कोणी बांधलं आणि कोणाच्या श्रमाने? वेशीत कोण बसलंय? वेशीबाहेर कोण आहे? वेस उघडी आहे की बंद? शास्त्र स्वतः शहराची पारख याच खुणांवरून करतं.

शब्दापासून सुरुवात करा, कारण निम्मा घोळ तिथेच होतो. हिब्रूत शहराला ‘ईर’ म्हणतात आणि जुन्या करारात तो शब्द हजाराहून अधिक वेळा येतो. ‘ईर’ म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे येतं ते महानगर नव्हे. बहुतेक वेळा ती तटबंदीच्या आतली छोटी वस्ती असते. दावीदाने यबूसी लोकांकडून घेतलं ते यरुशलेम दहा-बारा एकरांचं होतं. एकट्या मगरपट्टा सिटीत अशी तीसेक यरुशलेमं मावतील. हा आकार गटाला आधीच सांगितला नाही, तर लोक मनात मुंबई-पुणे धरून वाचतात आणि सगळं बिघडतं. नव्या करारातला ग्रीक ‘पोलिस’ही असाच सैल आहे. लूक २:४ बेथलेहेमला ‘पोलिस’ म्हणतो, तर योहान ७:४२ त्याच बेथलेहेमला खेडं म्हणतो. म्हणून मराठी बायबलात नुसता ‘नगर’ हा शब्द शोधून यादी करू नका. भाषांतरकाराने कुठे नगर, कुठे शहर, कुठे गाव असं लिहिलेलं असतं.

आणखी एक सावधगिरी बाबेलबद्दल. उत्पत्ती ११ मधल्या मनोऱ्याचं बाबेल आणि नेबुखद्नेस्सर राजाचं बाबेल हिब्रूत एकच शब्द आहे. जुन्या मराठी भाषांतरातही दोन्हीकडे बाबेलच आहे, आणि ते बरं आहे. इंग्रजी टीकाग्रंथांवरून तयारी करणाऱ्याला बॅबल आणि बॅबिलॉन अशी दोन वेगळी गावं वाटतात आणि उत्पत्ती ११ पासून प्रकटीकरण १८ पर्यंत गेलेला धागा तुटतो.

पहिल्या रविवारी बांधणाऱ्यांकडे पाहा. उतारे चार: उत्पत्ती ४:१२–१७, उत्पत्ती ११:१–९, निर्गम १:८–१४ आणि १ राजे ९:१५–२२.

काइनाचं वचन एकच आहे, पण त्याच्या आधीची पाच सोडली तर अर्थ हातून जातो. भावाला मारल्याबद्दल देवाने काइनाला भटकत राहण्याची शिक्षा दिली होती आणि कोणी मारू नये म्हणून खूणही दिली होती. तो राहायला गेला तो देश नोद, म्हणजे भटकंतीचाच देश. तिथे तो नगर बांधतो आणि त्याला मुलाचं, हनोखाचं, नाव देतो. खुणेवर विश्वास पुरला नाही म्हणून भिंत घातली, असं इथे म्हणता येतं, पण तो अंदाज आहे. वचनात तसं लिहिलेलं नाही, हे गटाला सांगून टाका. शिवाय त्याच्याच वंशात पुढे वाद्यं आणि धातूकाम येतं (४:२१–२२), आणि शास्त्र त्याला नाक मुरडत नाही. ‘शहर म्हणजे पाप’ म्हणणाऱ्यांना हे दाखवा.

बाबेलच्या उताऱ्यात लोक नगर आणि आकाशाला भिडणारा मनोरा बांधायला निघतात, आणि देव त्यांची भाषा गोंधळवून त्यांना पांगवतो. सगळे मनोऱ्याकडे पाहतात. तुम्ही वचन ८ कडे बोट दाखवा. पांगापांग झाल्यावर लोक नगर बांधायचे थांबले, असं तिथे आहे. मनोऱ्याचं नावही नाही. वचन ३ मध्ये साहित्य दिलंय: दगडाऐवजी भाजलेली वीट, चुन्याऐवजी डांबर. शिनारच्या, म्हणजे बाबेलच्या, सपाटीत दगड नाही, म्हणून वीट. ही वीट निर्गम १ मध्ये परत येते, तेव्हा ती गुलामांच्या हातात असते. इस्राएली लोक फारोसाठी पीथोम आणि रामसेस ही कोठारांची नगरं बांधतात. निर्गम ५ मध्ये भुसा मिळायचा बंद होतो, विटांची संख्या मात्र तीच ठेवली जाते. पुण्याच्या आसपासच्या वीटभट्ट्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना यावर फार बोलावं लागत नाही.

मग १ राजे ९ उघडा. शलमोन वेठीने माणसं लावून मंदिर, स्वतःचा वाडा, यरुशलेमचा तट, हासोर, मगिद्दो आणि गेजेर बांधतो. वचन १९ मध्ये त्याची कोठारांची नगरं येतात. हिब्रूत इथे जो शब्दप्रयोग आहे, तोच निर्गम १:११ मध्ये फारोच्या नगरांसाठी आहे. लेखक शलमोनाला उघड शिवी देत नाही, फक्त जुना शब्द परत वापरतो. हा मुद्दा पहिल्या रविवारचा कणा आहे, याला पंधरा मिनिटं द्या. वचन २२ म्हणतं की इस्राएलांना गुलाम केलं नाही. पण ५:१३ मध्ये सगळ्या इस्राएलातून ३०,००० माणसं वेठीला लावलेली आहेत आणि १२ व्या अध्यायात लोक त्याच वेठीच्या जोखडावरून शलमोनाच्या मुलाविरुद्ध, रहबामाविरुद्ध, उठतात. गटातला चाणाक्ष माणूस ही विसंगती काढतोच, तेव्हा तिन्ही जागा खुणा करून ठेवा.

इथे एक धोका आहे. पुण्यात ‘शहर’ आणि ‘बांधकाम’ हे दोन शब्द एकत्र आले की दहाव्या मिनिटाला चर्चा सिंहगड रोडच्या ट्रॅफिकवर आणि बिल्डरांवर येते. ती थांबवू नका, पण उतारा पूर्ण वाचून होईपर्यंत पुढे ढकला. एकदा तिकडे गेलेली गाडी परत येत नाही.

दुसरा रविवार वेशीचा. मला विचाराल तर चारही रविवारांतला हा सर्वांत महत्त्वाचा. आपल्याकडे स्वारगेट, क्वार्टर गेट, पूल गेट ही नावं दिवसातून चारदा तोंडात येतात, पण ती आता बसस्टॉपची नावं आहेत. बायबलमधली वेस म्हणजे येण्याजाण्याची वाट तर होतीच, शिवाय तीच चावडी, तोच बाजार आणि तेच कोर्ट. अनुवाद १६:१८ मध्ये न्यायाधीश नेमायचे ते वेशींत. उत्तरेकडच्या दान इथल्या उत्खननात वेशीजवळ बसायचे दगडी बाक सापडलेत. हासोर, मगिद्दो आणि गेजेर इथे सहा-सहा खोल्यांच्या वेशी निघाल्या. त्या शलमोनाच्याच काळातल्या का, यावर पुरातत्त्वज्ञांत वाद आहे, तेव्हा तसं ठासून सांगू नका.

रूथ ४:१–१२ हळूहळू वाचा, नाट्यवाचनासारखं. रूथच्या मेलेल्या नवऱ्याचा नातलग बवाज वेशीत जाऊन बसतो. त्याच्याहून जवळचा नातलग तिथून जातो, बवाज त्याला बसवून घेतो. त्या नातलगाचं नाव लेखक मुद्दाम देत नाही, हिब्रूत ‘अमुक-तमुक’ असंच म्हटलंय. मग गावच्या वडीलजनांपैकी दहा जणांना बसवलं जातं. रूथची सासू नामी आपल्या मेलेल्या नवऱ्याची, अलीमलेखाची, जमीन विकते आहे, सोडवून घेणार का? नातलग घेतो म्हणतो. मग बवाज सांगतो की जमिनीबरोबर मवाबी रूथचीही जबाबदारी येते. तो लगेच मागे सरतो, आपल्या वतनाचं नुकसान होईल म्हणून. जोडा काढून देतो, व्यवहार पक्का. ‘तुम्ही साक्षी आहात’ असं बवाज दोनदा म्हणतो. आपल्याकडे खरेदीखताला दोन साक्षीदार लागतात. इथे दहा वडील आणि वेशीतले सगळे लोक आहेत. परक्या देशातली, विधवा, निर्धन बाई या शहरात आत आली ती या वेशीतल्या निकालाने. गटाला विचारा: त्या दिवशी वेशीत बवाज बसला नसता तर? उत्तर स्वतः देऊ नका.

याला जोडून लेवीय २५:२९–३१ घ्या. तीन वचनं, लोक सहसा ओलांडून जातात. तटबंदीच्या शहरातलं घर विकलं तर एका वर्षाच्या आत सोडवता येतं. त्यानंतर ते कायमचं घेणाऱ्याचं, योबेल वर्षीही (दर पन्नासाव्या वर्षी, जेव्हा विकलेली जमीन मूळ मालकाकडे परत जाते) परत मिळत नाही. तट नसलेल्या खेड्यातलं घर मात्र शेतासारखं धरायचं, ते योबेल वर्षी मूळ मालकाकडे येतं. म्हणजे तटाच्या आत वडिलोपार्जित हक्क मरू शकतो आणि तटाबाहेर तो मरू दिला जात नाही, हे नियमशास्त्रालाच माहीत होतं. ज्यांच्या घरात गावठाणातली आणि शहरातली अशी दोन्ही मालमत्ता आहे, ते इथे सरसावून बसतील. फक्त हा नियम आजच्या कायद्याला लावायला निघू नका. तो त्या काळच्या वतनव्यवस्थेचा आहे.

शेवटी आमोस ५:१०–१५. वेशीत खरं बोलणाऱ्याचा ते द्वेष करतात, वेशीत गरिबाचा न्याय डावलतात, वेशीत न्याय प्रस्थापित करा. रूथची वेस डोळ्यांसमोर असेल तर हा संदेश समजावून सांगावा लागत नाही.

पाण्याबद्दल दोन ओळी पुरेत. शहर तटापेक्षा पाण्यावर टिकतं. यरुशलेमला नदी नाही, फक्त गीहोन झरा. हिज्कीया राजाने ते पाणी खडकातून सुमारे ५३३ मीटर खोदून आत आणलं (२ राजे २०:२०). पेशव्यांनी कात्रजहून नळ आणला, तसंच काहीसं, फक्त इथे वेढ्याची भीती होती. मग स्तोत्र ४६:४ मधली नगराला आनंद देणारी नदी कुठली, हा प्रश्न गटावर सोडा. चौथ्या रविवारी प्रकटीकरण २२:१ आलं की तो आपोआप सुटेल.

तिसऱ्या रविवारी पडलेलं शहर आणि परकं शहर. विलापगीत १:१–७, म्हणजे पडलेल्या यरुशलेमचा शोक, मोठ्याने वाचा, स्पष्टीकरण नको. त्या अध्यायाची २२ कडवी हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांनी क्रमाने सुरू होतात, एवढं मात्र सांगा. दुःखालाही रचना दिलेली आहे.

मग यिर्मया २९, पण २८ वा अध्याय आधी वाचल्याशिवाय नाही. कॅलेंडरवर, वाढदिवसाच्या कार्डांवर २९:११, ‘भावी आशे’चं वचन, एकटं छापलेलं असतं आणि चूक तिथूनच सुरू होते. इ.स.पू. ५९७ मध्ये यरुशलेमहून कैद्यांची पहिली मोठी तुकडी बाबेलला नेली गेली. हनन्या नावाचा संदेष्टा सांगत होता की दोन वर्षांत सगळे परत येतील (२८:३). यिर्मयाने पत्रातून सांगितलं, सत्तर वर्षं. म्हणजे ज्यांना हे पत्र मिळालं त्यांतले बहुतेक परत येणारच नव्हते. ‘भावी आशा’ आहे ती नातवंडांच्या पिढीची. त्यामुळे आज्ञाही तशाच आहेत: घरं बांधा, बागा लावून फळं खा, मुलामुलींची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याच्या ‘शालोम’साठी झटा आणि प्रार्थना करा. शालोम म्हणजे मनःशांती एवढंच नव्हे. त्यात आरोग्य, धान्य, सुरक्षितता, सगळं सुरळीत असणं येतं.

पुण्यातल्या मराठी ख्रिस्ती गटात नगर (आताचं अहिल्यानगर) किंवा जालन्याकडून आलेली कुटुंबं असतात. गाव सुटल्याची सल त्यांना असते, त्यामुळे हे पत्र त्यांना लगेच भिडतं. भिडू द्या. मात्र एक फरक मोकळेपणाने सांगा: बाबेलला गेलेल्यांना सैन्याने नेलं होतं, आणि ज्या शहराचं भलं मागायला सांगितलं ते त्यांना घरातून ओढून नेणाऱ्यांचं होतं. नोकरीसाठी हिंजवडीला आलेल्या माणसाची गोष्ट वेगळी. हा फरक पुसला की उतारा गुळगुळीत होतो आणि ‘मनापासून नोकरी करा’ एवढाच उपदेश हातात उरतो.

जखऱ्या ८:४–५ ने हा रविवार संपवा. पुन्हा वसलेल्या यरुशलेमची खूण म्हणून संदेष्टा काय दाखवतो? रस्त्यांवर हातात काठी घेऊन बसलेले म्हातारे-म्हाताऱ्या आणि खेळणारी मुलंमुली. एवढंच. सोनं नाही, बुरूज नाही.

चौथा रविवार. इब्री १३:११–१४ मराठीत वाचणं हे मूळ ग्रीकइतकंच धारदार आहे. ग्रीकमध्ये आहे ‘दाराबाहेर’, मराठीत येशूने दुःख सोसलं ते ‘वेशीबाहेर’. गावगाड्यात वेशीबाहेर कोणाची वस्ती होती हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. शिकवणाऱ्याने इथे घाई करू नये आणि कोणाला ‘तुमचा अनुभव सांगा’ असं म्हणूही नये. ज्याला बोलायचंय तो बोलेल. मजकुरातली रचना दाखवा: वचन ११ छावणीबाहेर, १२ वेशीबाहेर, १३ पुन्हा छावणीबाहेर. पुणेकराला छावणी म्हटलं की कॅम्प आणि एम.जी. रोड आठवतो. इथली छावणी रानातल्या तंबूंची. तिच्याबाहेर बळीच्या जनावरांची शरीरं जाळत आणि कोडी माणसाला राहावं लागे (लेवीय १६:२७, १३:४६). येशू त्या जागी गेला, आपणही तिकडे जायचं, कारण ‘इथे आपल्याला टिकणारं शहर नाही’. या वाक्याचा वापर शहराकडे पाठ फिरवायला सर्रास होतो. उताऱ्यात चालायची दिशा दिली आहे ती स्वर्गाकडे पळायची नाही. ती वेस ओलांडून बाहेरच्यांकडे जायची आहे. पुढे १६ वं वचन दान आणि परोपकाराचं आहे.

मग प्रकटीकरण १८:११–१३. मोठ्या बाबेलच्या नावाखाली इथे रोम आहे. सात डोंगर १७:९ मध्येच आहेत. व्यापारी रडतायत आणि मालाची यादी येते. एकाला ती वाण्याचं बिल वाचावं तशी सुरात वाचायला सांगा: सोनं, रुपं, रत्नं, मोती, रेशीम, हस्तिदंत, दालचिनी, धूप, तेल, सपीठ, गहू, गुरं, मेंढरं, घोडे, रथ. शेवटची नोंद माणसांची. मूळ यादीत २८ वस्तू आहेत, सुरुवात सोन्याने आणि शेवट माणसाच्या जिवाने. पहिल्या रविवारच्या विटा आठवणारा कोणीतरी इथे मान वर करतो.

नवी यरुशलेम (प्रकटीकरण २१) मोजताना किलोमीटरच्या नादी लागू नका. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी १२,००० स्टेडिया (लांबीचं ग्रीक माप), तट १४४ हात. हिशेब केलाच तर बाजू सुमारे २,२०० किलोमीटर, म्हणजे पुणे-दिल्ली रस्त्याच्या दीडपट, आणि तट फक्त पासष्टेक मीटर. संरक्षणासाठी असा तट कोणी बांधत नाही. बारा गुणिले हजार, बारा गुणिले बारा: इस्राएलाचे बारा वंश आणि बारा प्रेषित मोजलेत. रूपांतर केलं की बारा हरवतात. आणि आकार घनाचा का? शलमोनाच्या मंदिरातलं सर्वांत आतलं, परमपवित्र स्थान २०×२०×२० हात होतं (१ राजे ६:२०). म्हणून या शहरात वेगळं मंदिर नाही, सगळं शहरच ते स्थान झालंय.

बारा वेशी आहेत आणि त्या कधी बंद होत नाहीत (२१:२५). जुन्या काळी अंधार पडला की वेस बंद होई, यरीहोची होत असे (यहोशवा २:५). इथे रात्रच नाही. २१:२४ मध्ये पृथ्वीचे राजे आपलं वैभव आत आणतात. हेच राजे १८:९ मध्ये बाबेलसाठी रडत होते.

कोणीतरी २२:१५ काढेलच: ‘बाहेर कुत्रे, खुनी, लबाड’. टाळू नका आणि गोडही करू नका. त्या यादीत परका, विधवा, कोडी यांच्यापैकी कोणी नाही. यादीत खुनी आणि लबाडांबरोबर जादूटोणा, जारकर्म आणि मूर्तिपूजा करणारेही आहेत. वेस उघडी ठेवूनही काहीजण बाहेर आहेत, हा ताण मजकुरातच आहे, आणि दोनच वचनांनंतर तहानेल्याने यावं असं आमंत्रणही आहे. दोन्ही वाचून दाखवा.

सोडायचं काय? सदोम, निनवे आणि सात मंडळ्यांची शहरं (प्रकटीकरण २–३). प्रत्येकाला स्वतंत्र रविवार लागतो. सदोमचा विषय तरी निघेल, तेव्हा यहेज्केल १६:४९ तयार ठेवा: माज, पोटभर अन्न, निवांत सुख आणि दीनदुबळ्यांना हात न देणं. शरणपुरांबद्दल (गणना ३५) कोणी विचारलं तर नाशिकच्या शरणपूरचं नाव तिथूनच आलंय एवढं सांगा. सहा नगरं, ज्याच्या हातून नकळत खून झाला त्याला आसरा, महायाजकाच्या मृत्यूपर्यंत. यापुढे गेलात तर रविवार संपला.

उतारे मोठ्या अक्षरांत छापून द्या, उजवीकडे तीन बोटं समास सोडून. मोबाइलवर प्रत्येकाचं भाषांतर वेगळं असतं आणि वेळ वचन जुळवण्यात जातो. दोन रंगांच्या पेन्सिली पुरतात: एक बांधणाऱ्यासाठी, एक वेशीसाठी. पाऊण तासाची बैठक असेल तर दोनच उतारे घ्या, सव्वा तासात तीन बसतात. चारऐवजी तीनच रविवार मिळाले तर तिसरा सोडा आणि यिर्मया २८–२९ घरी वाचायला द्या. दुसरा मात्र पहिल्यात कोंबू नका, रूथला वेळ लागतो.